अर्धांगवायूनंतरच्या रात्री: झोप का मोडते, काय दुखतं आणि घरच्यांनी काय करायचं

अंगावरून वारं गेलेला माणूस इस्पितळातून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो: चालायला लागले का, आणि हात उचलतो का? रात्र कशी जाते, हे कुणी विचारत नाही. घरातलं माणूस मात्र दोन वाजता उठून पाठ चोळतं, तीनला लघवीला नेतं, चारला पाणी देतं. आठवड्याभरात त्याचाही धीर सुटतो आणि औषधांच्या दुकानात जाऊन तो म्हणतो, ‘झोपेची गोळी द्या हो काहीतरी.’

ही गोळी सगळ्यात शेवटी. अर्धांगवायूनंतर झोप मोडायची पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात, प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि त्यातल्या एका कारणात तर झोपेच्या गोळीने जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून आधी कारण शोधायचं, मग उपाय. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

थांबायचं नाही, अशा गोष्टी

तोंड नव्याने वाकडं होणं, हातापायातलं बळ अचानक आणखी कमी होणं, बोबडी वळणं, एकदम दिसेनासं होणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, त्यामुळे ‘सकाळी बघू’ चालणार नाही. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली आणि गरम लागली, तर ती चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक-दोन रात्रींत अचानक बरळणं, माणसं न ओळखणं सुरू झालं आणि सोबत ताप किंवा लघवीची जळजळ असेल, तर तो झोपेचा प्रश्न नाही. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग निघतो.

पहिली पायरी: सात रात्रींची वही

एक साधी शाळेची वही घ्या. अंथरुणावर कधी पडले, झोप साधारण कधी लागली, किती वेळा आणि कशामुळे जाग आली, लघवीला किती वेळा उठले, दिवसा किती वेळ डुलकी लागली, चहा आणि गोळ्या किती वाजता झाल्या, एवढं लिहायचं. जाग आल्यावर ‘झोप येत नाही का?’ असं विचारू नका. ‘कुठे होतंय, कसं होतंय?’ असं विचारा. ठणका, आग, मुंग्या, चमक, पेटका, रग, यातला जो शब्द ते वापरतील तो तसाच लिहा. डॉक्टरांना त्यावरून निम्मं निदान सुचतं.

बोलणं गेलेल्या माणसाचं काय? त्यांचा चेहरा पाहा. कूस बदलताना कपाळावर आठी येते का, चांगला हात सारखा एकाच जागेकडे जातो का, पांघरूण टोचल्यासारखं दूर सारतात का, हे टिपा. ‘हो-नाही’साठी बोट दाबायची खूण ठरवून घेता येते.

आणखी एक काम करा. रात्री दोन-तीनच्या सुमाराला ते गाढ झोपलेले असताना मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. तो पाचव्या पायरीत लागणार आहे.

दुसरी पायरी: खाट, खोली आणि अंगाखालच्या उश्या

आपल्याकडे कोकणात आजारी माणसाची खाट हमखास ओटीवर येते. तिथे वारा असतो, येणाराजाणारा भेटतो, माणसाला करमतं. दिवसा ते उत्तमच. पण रात्री ओटीवर दिव्याचा उजेड, कुत्र्यांचं भुंकणं आणि पहाटेच्या पहिल्या एसटीचा हॉर्न असतो. दिवसा ओटीवर बसवा आणि रात्री न्हाणीजवळच्या अंधाऱ्या, हवेशीर खोलीत झोपवा, असं मी सांगेन. दोन जागा ठेवल्या की ‘इथे बसायचं, तिथे झोपायचं’ हे शरीरालाही कळतं.

खाटेवर बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत, इतकीच तिची उंची हवी. जमिनीवरची चटई किंवा गोधडी आता नको, कारण उठता-बसता अधू खांद्यावर ओढ येते. कापसाची जुनी गादी मधोमध खड्डा पडलेली असते आणि पावसाळ्यात ओल धरते. गादी घट्ट आणि सपाट हवी. पत्नी किंवा आई अधू असेल तर ‘आमच्या अंगवळणी पडलंय’ म्हणून खाली झोपायचा हट्ट धरते. तिथे थोडं कठोर व्हावं लागतं.

आता उश्या. चार उश्या लागतात, आणि अंगाची ठेवण हीच पुढच्या सगळ्या दुखण्यांवरची सगळ्यात स्वस्त लस आहे.

उताणं झोपवताना डोक्याखाली एक साधी उशी ठेवा. अधू बाजूच्या खांद्याच्या पात्याखाली एक पातळ उशी सरकवा, म्हणजे खांदा मागे पडत नाही. तो हात अंगापासून थोडा दूर, उशीवर, कोपर सरळ आणि तळवा शक्यतो वर. अधू पाय बाहेरच्या बाजूला लोळतो, म्हणून कंबरेच्या आणि मांडीच्या बाहेरून घडी घातलेली चादर टेकवा. गुडघ्याखाली कायमची उशी नको, त्याने गुडघा वाकलेलाच राहतो.

चांगल्या कुशीवर झोपवताना अधू हात छातीसमोर उशीवर पुढे ठेवायचा. मनगट उशीच्या कडेवरून खाली लोंबता कामा नये. अधू पाय थोडा वाकवून पुढे, त्याच्याही खाली उशी.

अधू कुशीवर झोपू देऊ नये, असा घरोघरी समज आहे. तो खरा नाही. त्या बाजूला अंगाचा भार पडला की तिथली जाणीव जागी राहते. फक्त तुमचा हात पात्याखाली घालून खांदा हलकेच पुढे आणा, म्हणजे भार खांद्याच्या टोकावर न येता पात्यावर जातो. हात धरून ओढायचा नाही. दुखत असेल तर वेळ कमी करा किंवा ती कूस सोडून द्या.

ज्यांना एका बाजूचं भानच राहत नाही, त्यांचा हात रात्रभर अंगाखाली चिरडला तरी त्यांना कळत नाही. अशांच्या कुशीची तपासणी रात्री एकदा घरच्यांनीच करायची.

संडास परसात असेल तर रात्री नेऊ नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर दोन माणसं एकदम पडल्याची उदाहरणं प्रत्येक गावात सापडतील. खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणि पुरुषांसाठी लघवीचं भांडं ठेवा. मच्छरदाणीची कड जमिनीवर लोळू देऊ नका, गादीखाली खोचा.

तिसरी पायरी: खांदा

अर्धांगवायूनंतरच्या दुखण्यांत खांदा सगळ्यात जास्त छळतो. खांद्याचा सांधा उथळ असतो. हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायचं काम मुख्यतः स्नायू करतात. ते लुळे पडले की हाताच्या वजनाने गोळा खाली उतरतो. माणसाला खुर्चीवर बसवून हात सुटा सोडा आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट फिरवा. बोट बसेल अशी खाच लागली, तर सांधा ओघळलेला आहे आणि फिजिओथेरपिस्टला तो दाखवायला हवा.

हा खांदा बिघडवणारे पुष्कळदा प्रेमाने मदत करणारेच असतात. भेटायला आलेला पुतण्या हात धरून ‘उठा काका’ म्हणत ओढतो. दोघं जण काखेत हात घालून उभं करतात. दोन्ही बंद करा. उठवताना पाठीमागून कंबरेला किंवा पाठीच्या पात्याला आधार द्यायचा, पँटला किंवा साडीवरून बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरायचं. सदरा घालताना अधू हात आधी, काढताना अधू हात शेवटी.

दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी बांधून चांगल्या हाताने अधू हात वर ओढायचा व्यायाम अजूनही खूप घरांत चालतो. तो करू नका. पाते न फिरता हात वर जातो, स्नायू हाडांमध्ये चेमटतात आणि दुखणं वाढतं, म्हणून मार्गदर्शक तत्त्वांत त्याची शिफारस नाही. हात वर न्यायचा तर फिजिओथेरपिस्ट शिकवतील तसा, पात्याला हाताने आधार देऊन. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना, चालताना. दिवसभर आणि रात्री ठेवली तर कोपर आणि खांदा तसाच आखडतो.

तेल लावायला हरकत नाही. खोबरेल कोमट करून हलक्या हाताने लावा, माणसाला बरं वाटतं. पण हाड बसवणाऱ्याकडून ‘कडकन’ आवाज काढून घेऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीबाबत तर फार जपा. अधू बाजूला उष्णता कळत नाही, आणि सकाळी कातडीवर फोड दिसतो. शेक द्यायचाच तर आधी स्वतःच्या मनगटावर तपासा, पिशवी टॉवेलात गुंडाळा, दहा मिनिटांत काढा आणि त्या वेळात तिथून हलू नका.

पंजा सुजून चकचकीत, लालसर, गरम झाला आणि बोटांना हात लावू देत नाहीत, असं दिसलं तर ते वेगळं दुखणं आहे. खांदा आणि पंजा मिळून होणाऱ्या या त्रासावर लवकर उपचार केले तर हात वाचतो. महिना काढू नका.

चौथी पायरी: दुखणं कुठल्या जातीचं?

आता वहीतले शब्द बघा.

हात हलवला की दुखतं, हलवला नाही तर कमी, ठणका एका जागी: हे सांध्याचं, स्नायूचं. अंगाची ठेवण, व्यायाम, पॅरासिटामॉल याने बरंच आटोक्यात येतं.

पोटरीत किंवा हातात पेटका येतो, बोटं आपोआप मिटतात, पाय ताठ होऊन गादीवर घसरतो: ही स्नायूंची ताठरता. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं सावकाश ताण देणं, झटका न देणं, हे पहिलं. पुढे डॉक्टर बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन देतात, त्याने गुंगी येते. एकाच भागात ताठरता जास्त असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन चांगलं काम करतं. ताठरता अचानक वाढली तर बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, पायातली चिरलेली जखम आधी शोधा.

आणि तिसरं दुखणं, जे घरच्यांना खरंच वाटत नाही. हात दिसायला ठीक, सूज नाही, तरी आजी म्हणते आग होतेय, बर्फ ठेवल्यासारखं वाटतंय, चादर लागली तरी सहन होत नाही, पंख्याच्या वाऱ्याने झोंबतं. ‘नाटकं करते’ म्हणून घरात कुजबुज होते. ती नाटकं नाहीत. मेंदूत संवेदनेच्या वाटेवर, विशेषतः थॅलॅमस नावाच्या भागात, इजा झाली की मेंदू स्वतःच वेदना निर्माण करतो. देजरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी 1906 साली याचं वर्णन केलं होतं. हे दुखणं बहुतेकदा झटक्यानंतर काही आठवड्यांनी ते काही महिन्यांनी सुरू होतं, म्हणून ‘आता तर बरे झाले होते’ असं वाटतं. साधी वेदनाशामकं याला लागू पडत नाहीत. अमिट्रिप्टिलिन, लॅमोट्रिजिन, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन यांतलं एखादं डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करून वाढवत नेतात. गुण यायला काही आठवडे लागतात. म्हातारपणी अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडणं, लघवी तुंबणं, गोंधळल्यासारखं होणं संभवतं, तसं दिसलं तर कळवा. यातली औषधं मनाने एकदम बंद करायची नाहीत. घरात मऊ सुती चादर, पायाकडे पांघरूण उचलून धरणारी चौकट आणि पंख्याची दिशा बदलणं एवढ्यानेही एखादी रात्र सुसह्य होते.

पाय दुखत नाहीत पण स्वस्थ ठेवता येत नाहीत, संध्याकाळी आणि पडल्यावर वळवळतात, हलवले की बरं वाटतं, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासा. ते 75 च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. काही सर्दीच्या आणि उलटीच्या गोळ्यांनीही ही वळवळ वाढते.

दुकानातून मागून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी हृदयविकाराचा आणि अर्धांगवायूचा धोका वाढतो, रक्तदाब चढतो, आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनचं कामच अडवू शकतं. डॉक्टरांना न विचारता यातलं काही नको. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित. त्याची दिवसाची कमाल मर्यादा प्रौढांना 4 ग्रॅम आहे, पण वय जास्त, वजन कमी किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात.

पाचवी पायरी: घोरणं

‘छान झोपले होते, घोरत होते’ हे वाक्य ऐकलं की मी तो व्हिडिओ मागतो. घोरता घोरता आवाज थांबतो, दहा-वीस सेकंद श्वासच नाही, मग फुर्रकन श्वास येतो आणि अंग दचकतं, असं दिसलं तर तो झोपेतला श्वासरोध. अर्धांगवायू झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत तो कमी-जास्त प्रमाणात सापडतो. पुष्कळांना आधीपासूनच होता, कुणाला माहीत नव्हता. दर वेळी प्राणवायू खाली येतो, रक्तदाब वर उसळतो, मेंदू अर्धवट जागा होतो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी व्यायामाला बसवलं की डुलकी. मग सगळे म्हणतात, माणूस आळशी झालाय. झोपेच्या गोळीने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि हा श्वासरोध वाढतो. संध्याकाळच्या माडीच्या दारूनेही हेच होतं.

निदानासाठी निद्रा-तपासणी लागते. आता ती छोट्या यंत्राने घरच्या खाटेवरही करता येते. अहवालात तासाला श्वास किती वेळा अडला याचा आकडा येतो: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. मध्यम-तीव्र असेल तर सीपॅप, म्हणजे नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र सांगतात. सौम्य असेल तर कुशीवर झोपवणं आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं यानेही फरक पडतो.

सीपॅपचा पहिला आठवडा कठीण. दिवसा जागेपणी, बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून सवय करा. ओठांची एक बाजू सैल असेल तर हवा गळते. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेतला तर तो उलटी झाल्यास किंवा जीव घाबरल्यास स्वतःच्या एका हाताने काढता येतो का, हे आधी पाहा. येत नसेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तो रात्री लावू नका.

किनाऱ्यावर दोन अडचणी जास्तीच्या. एक, ओल. पावसाळ्यात नळी वाळत नाही, आत काळी बुरशी धरते. रोज सकाळी मास्क साबणाच्या पाण्याने धुवा, नळी आठवड्यातून एकदा, आणि पंख्याखाली टांगा. पाण्याच्या डबीत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घाला. दुसरी, वीज. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे विसरू नका. यंत्र घेतानाच ते बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर किती तास चालेल ते विचारा. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त पुरते. वीज नसलेल्या रात्री कुशीवर, डोकं उंच करून झोपवा.

सहावी पायरी: दिवस नीट लावा

वरचं सगळं पाहून झालं आणि तरीही झोप येत नाही, मग ही पायरी. सकाळी सातच्या आत खळ्यात किंवा अंगणात अर्धा तास उजेडात बसवा. आषाढातल्या झाकोळातही घरातल्यापेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी जास्त असतो, पडवीत बसवलं तरी चालेल. दुपारची झोप तीनच्या आत, अर्ध्या तासाची. चहा दुपारी दोननंतर नको. मिश्री आणि तंबाखू कायमची बंद. निकोटिनने झोप उडते आणि रक्तदाबही चढतो. रात्रीच्या पेजेबरोबर सुका बांगडा आणि लोणचं घेतलं की मिठाने तहान लागते, मग पाणी, मग लघवी. सुकी मासळी मुळातच अपवादाने खायची झाली आहे. लघवीची गोळी संध्याकाळी लिहिलेली असेल तर ती सकाळी हलवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. जेवण झोपण्यापूर्वी किमान दोन तास आधी, बसवून. गिळायला त्रास असेल तर हे जास्तच पाळा.

वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर तळमळत पडू देऊ नका. मदतीने खुर्चीवर बसवा, मंद दिव्यात रेडिओ लावा, पेंग आली की परत आडवं करा. निद्रानाशावर औषधांच्या आधी शिफारस होते ती याच जातीच्या, वागणं बदलण्याच्या उपचाराची.

रोज पहाटे तीन-चारला जाग येऊन पुढे झोप नाही, जेवणावरची वासना गेली, नातवंडं आली तरी चेहरा हलत नाही, असं दिसलं तर उदासीनता तपासून घ्या. अर्धांगवायूनंतर साधारण तिघांपैकी एकाला ती कधी ना कधी गाठते, आणि औषधाने सुधारते. 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर त्या एका रात्रीत बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

सातवी पायरी: डॉक्टरांकडे जाताना

यासाठी लगेच मुंबईला चाकरमान्याकडे नेण्याची गरज नसते. खांदा आणि अंगाची ठेवण जवळचा फिजिओथेरपिस्ट बघतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात. प्रवास झेपणारा नसेल तर ई-संजीवनीवरून सरकारी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं.

सोबत वही, व्हिडिओ, इस्पितळाचा डिस्चार्जचा कागद आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, काढे-आसवांच्या बाटल्यांसकट. रक्तदाबाचे सकाळ-रात्रीचे आकडे लिहून न्या. तीन प्रश्न सोडू नका: हे दुखणं सांध्याचं की मेंदूतून येणारं? निद्रा-तपासणी हवी का? आणि चालू औषधांपैकी कुठलं झोप बिघडवतंय? नवीन गोळी लिहून दिली तर ती रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर चालते ना, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

रात्री जागणारं माणूस घरात एकच असेल तर आठवड्यातल्या निदान दोन रात्री दुसऱ्या कुणाकडे द्या. आते-मावशी, शेजारच्या काकू, पैसे देऊन बाई, जे जमेल ते. पण ज्याच्याकडे रात्र सोपवाल त्याला उश्यांची मांडणी आणि हात न ओढण्याचा नियम आधी करून दाखवा. चार उश्यांच्या मांडणीचा फोटो काढून खाटेच्या वर भिंतीला चिकटवला तर सांगायचंही वाचतं.